महाराष्ट्रात सुरक्षा एजन्सीचा 'पसारा' परवाना: कसा काढायचा आणि कसा टिकवायचा

अर्ज भरायला बसण्याआधी महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि पुढच्या पाच वर्षांत तुमचे गार्ड कुठे कुठे उभे राहणार, त्या ठिकाणांवर खुणा करा. खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५, म्हणजे धंद्यातले सगळे ज्याला 'पसारा' म्हणतात तो कायदा, जिल्ह्यांच्या हिशोबाने चालतो. एका जिल्ह्यासाठी फी ५,००० रुपये, एकापेक्षा जास्त पण पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० रुपये आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये.

फीचे आकडे छोटे वाटतात, म्हणून बरेच जण या रकान्यावर विचारच करत नाहीत. मुंबईत हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण मुंबई हा एक जिल्हा नाही. मुंबई शहर वेगळा, मुंबई उपनगर वेगळा. अंधेरीत ऑफिस असलेल्या एजन्सीला लोअर परळला एक पॉइंट, म्हणजे गार्ड उभा करायची जागा, मिळाला की जिल्हे झाले दोन. नवी मुंबईत तर अजून गोंधळ: वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडमध्ये. वसई-विरार २०१४ पासून पालघरमध्ये आहे, जुन्या सवयीने अजूनही लोक ते ठाण्यात धरतात. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड मिळून बरोबर पाच होतात. त्यामुळे फक्त या पट्ट्यात काम करायचं असेल तर १०,००० पुरतात. पण पुणे किंवा नाशिकचा एखादा क्लायंट डोक्यात असेल, तर सरळ राज्याचा परवाना मागा. पुढे जिल्हे वाढवायला पुन्हा कागद, पुन्हा पोलीस चौकशी. वाचवलेल्या पंधरा हजारांपेक्षा तेवढ्या महिन्यांत हातची जाणारी कामं महाग पडतात.

परवाना राज्यापुरताच असतो, हेही ध्यानात ठेवा. गोव्यात किंवा बेळगावला साइट घ्यायची तर त्या त्या राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. परदेशात सुरक्षा सेवा द्यायची असेल तर नियंत्रक प्राधिकाऱ्याची, म्हणजे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते आणि ती देताना केंद्र सरकारचं मत घेतलं जातं.

अर्ज कोण करू शकत नाही

कलम ६ आधी नीट वाचा आणि एकट्या मालकाने नाही, प्रत्येक भागीदाराने आणि संचालकाने वाचा. कंपनीची स्थापना किंवा व्यवस्थापन करताना फसवणूक केल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस, दिवाळखोरीतून मोकळा न झालेला माणूस, ज्या गुन्ह्याला किमान दोन वर्षं कैद सांगितली आहे अशा गुन्ह्यात शिक्षा झालेला, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असलेला, गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणावरून सरकारी नोकरीतून काढून टाकलेला, यांच्यापैकी कोणालाही परवाना मिळत नाही. कंपनी किंवा फर्म असेल तर ती भारतात नोंदलेली हवी, आणि मालक, बहुसंख्य भागधारक, भागीदार किंवा संचालक भारताचा नागरिक नसेल तर अर्ज विचारातच घेतला जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाला मानाने संचालक करून ठेवलं असेल, तर अर्जाआधी तो प्रश्न मिटवा.

कंपनी असेल तर तिच्या उद्दिष्टांच्या कलमात खाजगी सुरक्षा सेवेचा स्पष्ट उल्लेख हवा. 'हाउसकीपिंग व फॅसिलिटी मॅनेजमेंट' एवढंच लिहिलेलं असेल तर आधी उद्दिष्ट बदलून घ्या. नावाचंही तसंच. नावात, लेटरहेडवर किंवा जाहिरातीत एजन्सी सरकारी आहे असा भास निर्माण करणं हे परवाना रद्द होण्याचं थेट कारण आहे. ज्या नावाने परवाना मिळाला त्याखेरीज दुसरं नाव वापरणं हेही. म्हणून परवान्यावर एक नाव आणि गेटवरच्या बोर्डावर 'ब्रँड' म्हणून दुसरं, असं करू नका.

शपथपत्र: खरी परीक्षा इथे असते

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. अर्जासोबत शपथपत्र लागतं. त्यात कलम ६ मधल्या अपात्रता लागू नाहीत हे सांगायचं, गार्ड आणि सुपरवायझर यांच्या प्रशिक्षणाची सोय आहे हे सांगायचं, परवान्याच्या अटी पाळण्याची हमी द्यायची, आणि स्वतःविरुद्ध पोलिसांत नोंदलेले किंवा कोर्टात चालू असलेले खटले लिहायचे.

या शेवटच्या मुद्द्यावर माणसं घाबरतात आणि नको ती चूक करतात. भावकीतल्या जमिनीच्या वादातून झालेली मारामारीची जुनी तक्रार, चेक न वटल्याची केस, सोसायटीच्या भांडणातला एखादा गुन्हा; 'हे कशाला लिहायचं, त्यात काही झालंच नाही' म्हणून गाळलं जातं. कायद्याची रचना मात्र उलटी आहे. अपात्र ठरवते ती शिक्षा. चालू असलेला खटला लिहिला म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. पण खटला लपवला आणि पुढे तो पोलिसांच्या संगणकावर सापडला, तर महत्त्वाची माहिती दडवून परवाना मिळवला हे कारण उभं राहतं आणि कलम १३ खाली परवाना रद्द होऊ शकतो. तोवर तुमच्याकडे शंभर गार्ड कामाला असतील, त्यांच्या घरच्या चुली त्या परवान्यावर पेटत असतील. म्हणून सगळं लिहा. केस क्रमांक, कोर्ट, सद्यस्थिती, आणि निकाल लागला असेल तर त्याची प्रमाणित प्रत जोडा.

कागदांत अडकतं ते बहुतेक वेळा किरकोळ विसंगतीमुळे. पॅनवर 'रामचंद्र', आधारवर 'रामचंद', भाडेकरारावर नुसतं 'आर.' असं असेल तर पडताळणी करणारा हवालदार तीन माणसं मानून शेरा मारतो. सगळ्या संचालकांच्या ओळखपत्रांवरची नावं, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता एका तक्त्यात आडवे मांडा. जिथे अक्षर जुळत नाही तिथे आधी दुरुस्ती करून घ्या. ऑफिस भाड्याचं असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि वीजबिल तयार ठेवा. अकरा महिन्यांचा करार अर्ज चौकशीत असतानाच संपत असेल, तर अर्जाआधीच त्याचं नूतनीकरण करा.

साठ दिवस कधी सुरू होतात

कायदा म्हणतो, अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत परवाना द्यायचा किंवा नाकारायचा निर्णय व्हावा. पण हे साठ दिवस पूर्ण तपशिलासह आणि फीसह आलेल्या अर्जाचे आहेत. एक कागद कमी असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. पोर्टलवर त्रुटी कळवली गेली की त्याच आठवड्यात ती दूर करा आणि पूर्ततेची पावती जपून ठेवा. पुढे मुदतीचा मुद्दा मांडायची वेळ आली तर ती पावतीच कामाला येते.

मधला मोठा टप्पा पोलिसांच्या ना-हरकतीचा. चौकशी स्थानिक ठाण्यातून होते आणि अहवाल जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयामार्फत पुढे जातो. अंमलदार ऑफिसला येतो तेव्हा तिथे बोर्ड हवा, बसायला जागा हवी, कपाटात फायली हव्यात आणि अर्जात ज्याचं नाव आहे तो माणूस हजर हवा. 'साहेब बाहेर आहेत' म्हणणारा पोरगा समोर आला की अहवाल लांबतो. एखादा संचालक गेल्या काही वर्षांत दुसऱ्या शहरात राहिला असेल तर तिथल्या ठाण्यातूनही माहिती मागवली जाते. ते पत्ते तारखांसह लिहून द्या.

या काळात काम सुरू करायचा मोह आवरा. 'अर्ज केलाय' हे परवाना असण्यासारखं नाही. बिनपरवाना एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रशिक्षण: तारखा खोटं बोलत नाहीत

केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या गार्डसाठी १०० तास वर्गातलं शिक्षण आणि ६० तास मैदानी प्रशिक्षण सांगितलं आहे, किमान २० कामाच्या दिवसांत. राज्याचे नियम त्याच धर्तीवर बेतलेले आहेत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० तास वर्ग आणि १६ तास मैदान, किमान सात कामाचे दिवस. गणित सोपं आहे: १६० तास भागिले २० म्हणजे दिवसाला आठ तास, आणि ५६ भागिले ७ म्हणजेही आठच.

तपासणीला येणारा अधिकारी हेच गणित करतो. कधीही सैन्यात किंवा पोलिसांत नसलेल्या गार्डच्या प्रमाणपत्रावर '३ ते ९ जून' असं लिहिलेलं असेल, तर पुढचं काही बघायची गरजच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याच तारखांना तोच गार्ड हजेरीपटावर एखाद्या साइटवर हजर दिसतो. दोन्ही कागद तुमच्याच सहीचे. प्रमाणपत्र विकत मिळतात हे उघड गुपित आहे, पण जो गार्ड आग विझवायचं यंत्र कधी हातात न धरता रात्रपाळीला उभा राहतो, त्याच्यासाठी आणि आत झोपलेल्या माणसांसाठी ही थट्टा नाही.

अभ्यासक्रमात गणवेश आणि वर्तन, शारीरिक तंदुरुस्ती, मालमत्ता आणि इमारतीची सुरक्षा, अग्निशमन, गर्दीचं नियंत्रण, ओळखपत्रं तपासणं, संशयास्पद स्फोटक वस्तू ओळखणं, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, खाजगी बचावाचा हक्क आणि प्रथम खबर नोंदवण्याची पद्धत, पोलीस आणि सैन्यातली पदचिन्हं, अलार्म आणि तपासणी यंत्रं येतात. इंग्रजी अक्षरं आणि अंक वाचता येणंही त्यात आहे, कारण गाडीचा नंबर आणि पास वाचायचा असतो. नेतृत्व आणि व्यवस्थापन फक्त सुपरवायझरसाठी. शस्त्र हाताळणं ऐच्छिक आहे, आणि ते शिकला म्हणून कोणाला बंदूक देता येत नाही. त्याला शस्त्र अधिनियमाखालचा परवाना वेगळा लागतो.

स्वतःचं केंद्र नसेल तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेशी लेखी करार करा. करारात बॅचची संख्या, तासांचं वेळापत्रक आणि हजेरीची प्रत एजन्सीला देण्याची अट घाला. प्रमाणपत्राच्या मागे हजेरीचा कागद जोडलेला असला की तपासणी पाच मिनिटांत संपते.

गार्ड घेताना फाइलमध्ये काय हवं

वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. आदर्श नियमांतली शारीरिक मोजमापं अशी: पुरुषांची उंची १६० सेंटिमीटर, महिलांची १५०; पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर फुगवता येईल अशी; दूरची नजर ६/६, चष्म्यासह चालते; रंगांधळेपणा नको, ऐकू नीट यायला हवं, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता यायला हवा. दर १२ महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. ही शेवटची अट सगळ्यात जास्त विसरली जाते. भरतीच्या दिवशीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये पिवळं पडेपर्यंत तसंच राहतं.

चारित्र्य पडताळणी एजन्सी स्वतः करू शकते, गार्डने आणलेलं वैध प्रमाणपत्र मान्य करू शकते किंवा पोलिसांकडून अहवाल मागवू शकते. नियमांत पोलिसांना ९० दिवसांची मुदत आहे. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, म्हणून दुसऱ्या एजन्सीतून आलेल्या गार्डकडे ते असेल तर तारीख बघून वापरता येतं. कोर्टाने शिक्षा दिलेला किंवा गैरवर्तनामुळे सैन्य, पोलीस, सरकारी नोकरी वा दुसऱ्या सुरक्षा एजन्सीतून काढलेला माणूस गार्ड म्हणून घेता येत नाही. जुन्या एजन्सीला एक फोन किंवा पत्र, आणि त्याची नोंद फाइलला, एवढं तरी कराच.

सुपरवायझरचा हिशोब

परवाना मिळाल्यापासून ६० दिवसांत सुपरवायझर नेमायचे असतात आणि सहा महिन्यांत काम सुरू करायचं असतं. प्रमाण: १५ गार्डमागे एक. पण गार्ड वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील आणि एकाला सगळीकडे पोचणं शक्य नसेल, तर सहा गार्डमागे एक.

समजा ४० गार्ड एकाच कारखान्यात आहेत. ४० भागिले १५, म्हणजे तीन सुपरवायझर. तेच ४० गार्ड नऊ सोसायट्या आणि दोन गोदामांत पसरलेले असतील तर ४० भागिले ६, म्हणजे सात. कागदावर तीन दाखवून मोटरसायकलवर एकच फील्ड ऑफिसर फिरवणं हे नेहमीचं चित्र आहे. रात्री तीन वाजता गार्डला चक्कर आली किंवा गेटवर हाणामारी झाली, तर तो चाळीस किलोमीटर लांब असतो. सुपरवायझर घेताना सैन्य, निमलष्करी दलं, पोलीस किंवा होमगार्डमध्ये किमान तीन वर्षं काढलेल्यांना प्राधान्य द्यायचं असतं. माजी सैनिक घेतला की प्रशिक्षणही सात दिवसांत होतं, हा व्यवहारातला फायदा.

महाराष्ट्रातला दुसरा कायदा: १९८१ चा

इथे बाहेरच्या राज्यातून आलेल्या एजन्सी हमखास फसतात. पसारा परवाना गृह विभागाच्या अखत्यारीत येतो. पण महाराष्ट्रात त्याच्याही कितीतरी आधीपासून महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ आहे आणि तो कामगार विभाग बघतो. एक परवाना हातात आला म्हणून दुसरा कायदा सुटत नाही.

१९८१ च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. बृहन्मुंबई आणि ठाण्यासाठीचं मंडळ सर्वांना माहीत आहे. पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणीही मंडळं आहेत. रक्षक मंडळाकडे नोंदवला जातो, मालक आस्थापनाही नोंदवली जाते, मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरचा जादा आकार) मंडळाकडे भरली जाते आणि मंडळ रक्षकाला पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी वगैरे देतं. एजन्सीमार्फत नेमलेल्या रक्षकांना हा कायदा लागतो. मालकाच्या थेट आणि नियमित नोकरीत असलेल्या रक्षकाला लागत नाही. ठेकेदाराच्या मर्जीवर जगणाऱ्या रक्षकाला पगाराची आणि रजेची शाश्वती मिळावी म्हणून हा कायदा आला, आणि त्यामागची गरज आजही संपलेली नाही.

मग खाजगी एजन्सी चालते कशी? कलम २३ मुळे. आपल्या रक्षकांना मिळणारे फायदे एकूणात कायद्याखालच्या फायद्यांपेक्षा कमी नाहीत असं शासनाचं मत झालं, तर सल्लागार समितीशी विचारविनिमय करून शासन राजपत्रात अधिसूचना काढून सूट देऊ शकतं, अटींसह. अर्जात मजुरी, महागाई भत्ता, भविष्य निधी, बोनस, रजा, गणवेश यांचा तक्ता मंडळाच्या दराशेजारी मांडा. एका रकान्यात जरी तुमचा आकडा कमी असेल तर तो दुसरीकडे कसा भरून निघतो हे लिहून दाखवा.

सूट मिळाली की अधिसूचनेतला प्रत्येक शब्द वाचा: कोणते रक्षक, कोणती आस्थापना, कोणत्या अटी. सूट म्हणजे कोणालाही कुठेही उभं करायची मुभा नाही. नवी साइट घेतली, नवी भरती केली, की आधीच्या अधिसूचनेत ते बसतं का हे तपासून पुढचं पाऊल उचला. क्लायंटकडूनही हा प्रश्न येतोच, कारण मंडळाची नोटीस मालक आस्थापनेलाही जाते.

रजिस्टर आणि ओळखपत्र

परवान्याची प्रत ऑफिसात दर्शनी जागी लावा. कपाटात ठेवलेला परवाना हा कलम १२ चा भंग आहे आणि २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १५ खालच्या नोंदवहीत एजन्सी चालवणाऱ्यांची नावं-पत्ते, प्रत्येक गार्ड आणि सुपरवायझरचं नाव, पत्ता, फोटो आणि पगार, आणि ज्यांना सेवा दिली त्या सगळ्या ग्राहकांची नावं-पत्ते हवीत. याच वहीत पुढचे तीन रकाने स्वतःहून वाढवा: प्रशिक्षणाची तारीख, पडताळणी कधी संपते, पुढची वैद्यकीय तपासणी कधी. महिन्यातून एकदा या तीन रकान्यांवर बोट फिरवलं तर तपासणीच्या दिवशी धावपळ होत नाही.

नियमांत मुदती छोट्या आहेत. परवाना मिळाल्यापासून १५ दिवसांत एजन्सीतल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीची माहिती कळवायची. पत्ता किंवा व्यवस्थापन बदललं तर सात दिवसांत. एखाद्या संचालकावर किंवा गार्डवर फौजदारी आरोप ठेवला गेला तर ताबडतोब, आणि त्याची प्रत तो राहतो त्या ठाण्याला.

ओळखपत्रावर समोरून घेतलेला रंगीत फोटो, पूर्ण नाव, एजन्सीचं नाव, क्रमांक, पद आणि वैधतेची तारीख. ते कमरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर दिसेल असं लावायचं. जॅकेटच्या आत नाही. गार्ड सोडून गेला की ओळखपत्र परत घ्या आणि वहीत 'परत' असं लिहून तारीख घाला. सोडून गेलेल्या माणसाच्या खिशात राहिलेलं ओळखपत्र म्हणजे तुमच्या नावाने कोणाच्याही घरात शिरायचा पास.

गणवेशावर हातावर एजन्सीचं चिन्ह, खांद्यावर किंवा छातीवर पदाचा बिल्ला, दोरीला बांधलेली शिट्टी डाव्या खिशात, नाडीचे बूट, डोक्यावर टोपी. शिवाय खिशात वही आणि पेन. पोलीस किंवा सैन्याच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख टाळा, खाकी आणि कॅमोफ्लाज दोन्ही. त्याची शिक्षा गार्डबरोबर मालकालाही होते: एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खांद्यावर तारे लावायचा हट्ट क्लायंटने केला तरी नकार द्या.

दर देताना परवाना विसरू नका

कायद्याच्या अनुसूचीत मजुरी, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार असे कामगार कायदे आहेत आणि त्यांचा भंग हे परवाना रद्द होण्याचं कारण आहे. म्हणजे कमी दराचं कोटेशन हा थेट परवान्याचा प्रश्न होतो.

चोवीस तासांचा एक पॉइंट घ्या. आठवड्याचे तास १६८. एका गार्डचे ४८. भागाकार साडेतीन. म्हणजे एका पॉइंटला साडेतीन माणसं लागतात. रजा आणि गैरहजेरी धरली तर त्याहून जास्त. जी एजन्सी दोन माणसांचा दर देते ती बारा तासांच्या पाळ्या लावणार, साप्ताहिक सुट्टी गिळणार आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर बुडवणार, दुसरा मार्गच नाही.

मजुरीवरचा भार असा: भविष्य निधीत मालकाचे १२ टक्के आणि विमा व प्रशासकीय खर्च धरून १३, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) ३.२५ (पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर), बोनस ८.३३, ग्रॅच्युइटी ४.८१. हेच साधारण २९ टक्के झाले. त्यावर रजा, रिलीव्हर (बदली गार्ड), गणवेश, प्रशिक्षण आणि मग तुमचा सर्व्हिस चार्ज. कोटेशनमध्ये हे सगळे रकाने उघडे दाखवा. कमी दर मागणाऱ्या क्लायंटला कोणता रकाना कापायचा ते विचारा; बहुतेक वेळा संभाषण तिथेच शहाणं होतं.

जीएसटी १८ टक्के. पण मालकी किंवा भागीदारी फर्म नोंदणीकृत व्यवसायाला गार्ड पुरवत असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून कर सहसा घेणारा भरतो, म्हणजे रिव्हर्स चार्ज. अशा बिलात कर लावू नका, 'रिव्हर्स चार्ज लागू' असं लिहा. कंपनी असेल तर नेहमीसारखा कर लावायचा.

एटीएम आणि रोकड वाहतुकीचं काम घेणार असाल तर केंद्राचे २०१८ चे वेगळे नियम वाचा. गाडीत चालक, दोन सशस्त्र गार्ड आणि दोन कस्टोडियन (रोकड सांभाळणारे). एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रोकड नाही. शहरी भागात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत. नवख्या एजन्सीने या कामाला लगेच हात घालू नये.

नूतनीकरण आणि नकार आला तर

परवाना पाच वर्षांचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा आणि पूर्ण अर्जावर ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. पंचेचाळीस ही शेवटची रेघ आहे. कागद गोळा करायला चार-सहा महिने आधी लागा, कारण शपथपत्र, संचालकांची पडताळणी आणि गार्डांच्या फायली पुन्हा उघडल्या जातात.

परवाना नाकारायचा असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि कारणं आदेशात लिहावी लागतात. सुनावणीची नोटीस आली की तोंडी बाजू मांडण्यावर समाधान मानू नका. प्रत्येक आक्षेपाला क्रमवार लेखी उत्तर द्या, मागे कागद जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तरीही आदेश विरोधात गेला तर ६० दिवसांत राज्याच्या गृह सचिवांकडे अपील करता येतं. रद्द करण्याची कारवाई चालू असताना परवाना जास्तीत जास्त ३० दिवस निलंबित ठेवता येतो. तो काळ सुरू झाला तर त्याच दिवशी क्लायंटांना लेखी कळवा आणि गार्डांचा त्या महिन्याचा पगार आधी बाजूला काढून ठेवा.